जुनी जिप्सी घेताना

पेणच्या पुढे खाडीकाठच्या एका गावात जिप्सी बघायला गेलो होतो. गाडी लांबूनच नजरेत भरली. पांढरी, हार्डटॉप, टायर नवे, आणि खालून चॅसीला काळाभोर रंग. रंगाचा वास अजून येत होता. आमचे मिस्त्री काही न बोलता खाली पाठ टेकून सरकले आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने चॅसीवर ठोकत पुढून मागे गेले. टण, टण, टण. मागच्या पाट्याच्या शॅकलपाशी आवाज बदलला. थप. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरून टोक दाबलं, तर ते मुठीपर्यंत आत गेलं. मग ते बाहेर आले, हात पुसले आणि मालकाला म्हणाले, "चहा पाजा दादा, म्हणजे आम्ही निघतो."

जिप्सीचं इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण शिडीसारखी चॅसी सडली की हातात फक्त कागदपत्रं उरतात. म्हणून बघायला सुरुवात खालून करायची. शॅकलच्या जागा, रेडिएटरखालचा आडवा दांडा, बॉडी चॅसीवर जिथे बसते ते रबरी माउंट आणि पायाखालचा पत्रा. मॅट उचलायला मालक का-कू करू लागला, की तिथेच बघायचं. समुद्राकाठची गाडी असेल तर दुप्पट संशय धरायचा. ताजा काळा रंग दिसला तर चौपट.

आता कोणती जिप्सी, हा प्रश्न. मारुतीने ही गाडी 1985 च्या शेवटी आणली तेव्हा तिच्यात 970 सीसीचं छोटं इंजिन आणि चार गिअर होते. 1993 मध्ये डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर 90 मिलिमीटरने वाढवलं. आडव्या उतारावर हा फरक चांगला कळतो. 1996 मध्ये जिप्सी किंग आली, 1300 सीसी आणि पाच गिअरची. तिचं इंजिन कार्बोरेटरचं, साठेक अश्वशक्तीचं. 2000 साली सोळा व्हॉल्व्हचं फ्युएल इंजेक्शनचं इंजिन बसलं, ताकद 80 अश्वशक्ती झाली आणि ब्रेकला बूस्टर मिळाला. माझं मत विचाराल तर 2000 नंतरचीच घ्यावी. ताकदीसाठी नव्हे, ब्रेकसाठी. बूस्टर नसलेली जिप्सी घाटात उतरवताना उजव्या पायाची परीक्षा असते. शिवाय कार्बोरेटर नीट लावणारे हात आता कमी होत चाललेत.

ताडोबात सफारीला फिरलेल्या जिप्सीही विकायला येतात. त्या बहुधा हळू चाललेल्या असतात, पण धुळीत न्हालेल्या आणि वरची बॉडी कापलेल्या असतात. पाटी पिवळी असेल तर खासगी नोंदणीसाठी आरटीओचे हेलपाटे वेगळे. सैन्याच्या लिलावातली गाडी घेतली तर तिचा हिरवा रंग जाणार हे धरून चाला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 121 प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे.

चॅसी पास झाली की फोर-व्हील-ड्राइव्ह तपासायची. इथे बरेच जण फसतात, कारण लिव्हर ओढून दिवा लागला की त्यांचं समाधान होतं. जिप्सीची यंत्रणा समजून घ्यायला हवी. एरवी इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची वेगळी पेटी असते. तिचा छोटा लिव्हर टाकला की पुढचा प्रोपेलर शाफ्टही मागच्याशी जोडला जातो. पण पुढच्या चाकांच्या मधोमध हब असतात, आणि बऱ्याच जिप्सींमध्ये ते हाताने 'लॉक' किंवा 'फ्री' करावे लागतात. हब 'फ्री' असतील तर शाफ्ट आत फिरत राहतो आणि पुढची चाकं नुसती ओढली जातात.

तपासणी सोपी आहे. गाडी टू-व्हीलवर ठेवून हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना ओट लावा आणि पुढचं एक चाक जॅकवर उचला. हब 'फ्री' ठेवून चाक हाताने फिरवलं तर पुढचा प्रोपेलर शाफ्ट हलता कामा नये. दोन्ही हब 'लॉक' करा, पुन्हा फिरवा. आता शाफ्ट फिरायलाच हवा. फिरला नाही तर एखादा हब आतून गेलेला आहे. दुसऱ्या बाजूलाही तेच करा. एवढी दहा मिनिटांची मेहनत, पण गाडी बघायला गेलेले बहुतेक लोक त्या वेळात म्युझिक सिस्टीम वाजवून बघतात.

चाक वर आहेच तर आणखी एक गोष्ट उरकून घ्या. जिप्सीचं स्टेअरिंग साठ-सत्तरच्या वेगाला थरथरतं, ही जुनी तक्रार आहे. चाकाला वर आणि खाली हात लावून हलवा. खडखड जाणवली तर मित्राला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे. तशीच राहिली तर किंगपिनचं बेअरिंग. पहिलं काम स्वस्तातलं, दुसऱ्यासाठी नकल उघडावं लागतं. काही विक्रेते नवा स्टेअरिंग डॅम्पर लावून हे दुखणं झाकतात. चकचकीत डॅम्पर दिसला की ही तपासणी हमखास करावी.

आता बदल. गाडी घरी आली की पहिली इच्छा होते मोठे टायर टाकायची. त्याचा हिशोब आधी कागदावर करा. किंगचा मूळ टायर 205/70 आर 15, म्हणजे चाकाची उंची सुमारे 668 मिलिमीटर. लोक हौसेने टाकतात तो 235/75 आर 15 सुमारे 733 मिलिमीटरचा. फरक 65 मिलिमीटरचा, पण अ‍ॅक्सल त्याच्या निम्माच वर जातो, 32-33 मिलिमीटर. एवढ्यासाठी काय द्यावं लागतं? चाक जवळजवळ दहा टक्के मोठं झालं, तर काटा साठ दाखवत असताना गाडी सहासष्टने पळते. ब्रेक तेवढेच, थांबवायचं चाक मोठं आणि जड. आणि खरी किंमत लो गिअरमध्ये मोजावी लागते.

किंगच्या ट्रान्सफर केसमध्ये हाय आणि लो असे दोन गिअर असतात. हायचं गुणोत्तर 1.409 आणि लोचं 2.268 आहे. म्हणजे लो टाकल्यावर चाकाशी जोर साधारण 1.6 पट होतो. मारुतीच्याच नव्या जिम्नी गाडीत तो दुप्पट होतो. जिप्सीचा लो मुळातच फारसा लो नाही. त्यात दहा टक्के मोठं चाक टाकलं की 2.268 चं काम 2.07 सारखं होतं. दगडांच्या चढावर जिथे गाडी मुंगीच्या पावलाने चढायला हवी, तिथे क्लच अर्धा दाबून जोर द्यावा लागतो आणि क्लचप्लेटचा जळका वास गाडीभर पसरतो. म्हणून टायर वाढवणारे पुढे ट्रान्सफरचे गिअर बदलतात, मग टायर घासतात म्हणून गाडी उचलतात.

उचलण्याचा सोपा वाटणारा उपाय म्हणजे अ‍ॅक्सलच्या खाली असलेले पाटे वर बसवणं. गाडी एकदम पाचेक इंच वर जाते. सोबत स्टेअरिंगचा रॉड तिरपा होतो, ब्रेकचे होज ताणले जातात, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर भलताच कोन येतो, आणि वळणावर गाडी कलंडेल असं सारखं वाटत राहतं. गोव्यातल्या चिखलाच्या स्पर्धांत उतरणाऱ्यांना हे परवडतं, कारण ते नंतरची दुरुस्तीही पेलतात. ताम्हिणीत पावसाळी भटकंती करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

कायदाही आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. समोरचे जाड लोखंडी बुलबार केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच बेकायदा ठरवले.

मग करायचं काय? पाट्यांचे बुश आणि शॅकल नवे घाला. शॉकअप बदला. ब्रेकचं तेल, होज आणि मागच्या ड्रमचे सिलिंडर नवे करा. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे मालकाला आठवत नसेल, तर तो बदललेलाच नाही असं समजा. टायर मूळ मापाचेच घ्या, पण खोल गोट्यांचे. आणि अडकलेली गाडी ओढून बाहेर काढायला पुढेमागे चॅसीला नीट बोल्ट केलेले हुक हवेत, बंपरला डकवलेले नव्हे.

मी केलेला सगळ्यात स्वस्त बदल दोन रबरी नळ्यांचा आहे. चालून चालून अ‍ॅक्सलमधलं डिफरन्शियल तापतं. तशी गाडी ओढ्यात घातली की आतली हवा एकदम गार होऊन आकसते आणि बाहेरून काहीतरी आत ओढू बघते. हवेसाठी वर एक छोटा ब्रीदर असतो. तो पाण्याखाली गेला किंवा चिखलाने बुजला तर सीलमधून पाणी आत शिरतं. ब्रीदरला लांब नळी जोडून ती वर बोनेटपर्यंत नेली की हवा तिथून येते. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलला मिळून तासाभराचं काम. तरीही जूनमधला पहिला ओढा ओलांडून घरी आलात, की डिफरन्शियलचा खालचा बोल्ट जरा सैल करून चार थेंब बोटावर घ्या. तेल सोनेरी किंवा काळपट असेल तर ठीक. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी आहे, आणि ते त्याच दिवशी बदलायचं.