विश्लेषण : बाळाची नाळ महिनाभर गळली नाही तर? उत्तर सापडले उंदराच्या पेशींवर

नवजात बाळाची नाळ साधारण एक-दोन आठवड्यांत सुकून गळते. घरात त्याची फारशी चर्चाही होत नाही. पण तीन-चार आठवडे उलटूनही नाळ तशीच असेल, बेंबीभोवती लाली असेल आणि तरीही पू दिसत नसेल, तर तो एका दुर्मीळ जन्मजात आजाराचा इशारा असू शकतो. ‘ल्युकोसाइट अ‍ॅडहिजन डेफिशियन्सी’ किंवा ‘एलएडी’ हे त्याचे नाव. या आजारात रक्तातील पांढऱ्या पेशींना चिकटताच येत नाही. हा दोष आज रक्ताच्या एका चाचणीतून ओळखता येतो. या चाचणीचे मूळ मात्र चार दशकांपूर्वी उंदरांच्या पेशींवर झालेल्या संशोधनात आहे.

पांढऱ्या पेशींना चिकटावे का लागते?

शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडीत कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम आहे. दत्तदर्शनाला गेलेल्यांनी घाटाला नाव लागताना पाहिलेली असते. नावाडी आधी वेग कमी करतो, पायऱ्यांच्या आधाराने नाव हळूहळू सरकवतो आणि मग दोर बांधतो. त्यानंतरच माणसे उतरतात. दोर नसेल तर नदीत शंभर नावा असूनही घाटावर कुणी उतरू शकणार नाही.

रक्तवाहिनीत जवळपास असेच घडते. पांढऱ्या पेशी रक्ताबरोबर वेगाने वाहत असतात. बोटाला काटा लागून जंतू आत शिरले, की तिथल्या रक्तवाहिनीचे अस्तर जागे होते. ‘सिलेक्टिन’ नावाच्या रेणूंमुळे पेशी अस्तरावर घरंगळू लागते आणि तिचा वेग कमी होतो. मग पेशीवरचे ‘इंटिग्रिन’ हे रेणू अस्तरावरच्या ‘आयकॅम-१’ या रेणूला घट्ट पकडतात. इंटिग्रिन म्हणजे नावेचा दोर आणि आयकॅम म्हणजे घाटावरची कडी. पेशी थांबली, की अस्तरातून वाट काढून जखमेपर्यंत पोहोचते.

मोनोक्लोनल अँटिबॉडी म्हणजे काय?

पेशीच्या पृष्ठभागावर हजारो प्रकारचे रेणू असतात. त्यातला नेमका एक शोधायचा, तर त्यालाच चिकटणारे काही तरी हवे. शरीरात हे काम अँटिबॉडी करतात. पण जंतू किंवा परकी पेशी शरीरात गेल्यावर शेकडो प्रकारच्या अँटिबॉडींचे मिश्रण तयार होते. त्यातून हवी ती वेगळी काढणे जवळपास अशक्य होते.

१९७५ मध्ये केंब्रिज येथे जॉर्ज कोहलर आणि सेझार मिल्स्टीन यांनी यावर तोडगा काढला. अँटिबॉडी बनवणारी एक पेशी आणि सतत वाढणारी कर्करोगाची एक पेशी यांचा त्यांनी संकर केला. या संकरित पेशीचा वंश वाढत राहतो आणि पिढ्यान्‌पिढ्या एकच अँटिबॉडी बनवतो. एकाच पेशीच्या वंशातून आलेली, म्हणून ती ‘मोनोक्लोनल’. या शोधासाठी दोघांना १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

उंदरांच्या पेशींवर काय सापडले?

टिमोथी स्प्रिंगर हे तरुण अमेरिकी संशोधक मिल्स्टीन यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. त्यांना छोट्या उंदराच्या, म्हणजे ‘माऊस’च्या प्रतिकार पेशींवरचे रेणू ओळखायचे होते. पण कोणताही प्राणी सहसा स्वतःच्याच रेणूंविरुद्ध अँटिबॉडी बनवत नाही. म्हणून माऊसच्या प्लीहेतील पेशी ‘रॅट’ या मोठ्या उंदराला टोचण्यात आल्या. रॅटच्या शरीराला त्या परक्या वाटल्या आणि त्याने अँटिबॉडी बनवल्या.

त्यातल्या ‘एम१/७०’ या अँटिबॉडीने १९७९ मध्ये ‘मॅक-१’ हा रेणू दाखवून दिला. तो जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींवर असतो. ही अँटिबॉडी माऊसप्रमाणेच माणसाच्या मॅक-१ लाही चिकटते. १९८१ मध्ये ‘एलएफए-१’ सापडला. त्याच्यावर अँटिबॉडी बसली, की मारक टी-पेशींचे काम थांबत होते, कारण त्यांना लक्ष्य पेशीला पकडताच येत नव्हते. १९८३ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी ‘मेल-१४’ या अँटिबॉडीने माऊसच्या पांढऱ्या पेशींना लसिकाग्रंथीत शिरण्यापासून रोखले. तिने झाकलेला रेणू म्हणजे सिलेक्टिन कुटुंबातील एक होता.

या अँटिबॉडींमुळे दोन गोष्टी साधल्या. कोणता रेणू कुठे आहे हे दिसले आणि तो झाकला तर कोणते काम अडते हेही कळले. पेशींना पकड देणाऱ्या इंटिग्रिनच्या शोधासाठी स्प्रिंगर यांना रिचर्ड हाइन्स आणि एर्की रुओस्लाहटी यांच्यासह २०२२ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

उंदरांवरचे संशोधन बाळांपर्यंत कसे पोहोचले?

त्याच काळात डॉक्टरांपुढे एक कोडे होते. काही बाळांना वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होई. रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी कमी नव्हे, उलट खूप जास्त असत. मग संसर्ग आटोक्यात का येत नव्हता?

या मुलांच्या पेशी नव्या अँटिबॉडींनी तपासल्यावर १९८४ मध्ये उत्तर मिळाले. मॅक-१, एलएफए-१ आणि त्यांच्या कुटुंबातला तिसरा रेणू, हे तिन्ही पेशींवरून गायब होते किंवा अगदी कमी होते. यातला प्रत्येक रेणू दोन प्रथिनांच्या जोडीने बनतो. त्यातले ‘सीडी-१८’ हे प्रथिन तिघांत सामाईक असते. त्याच्या जनुकात बिघाड झाला, की एकही जोडी नीट पृष्ठभागावर येत नाही. म्हणजे दोराचा एक पीळ नाही, म्हणून दोरच नाही. नदी नावांनी भरलेली, पण घाट रिकामा.

नाळ आणि पू यांचा संबंध काय?

पू हा मुख्यतः जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा असतो. पेशी जखमेपर्यंत पोहोचल्याच नाहीत, तर पू होणार नाही. त्यामुळे ‘पू नाही, म्हणजे जखम बरी होत आहे’ हा समज या बाळांच्या बाबतीत घातक ठरू शकतो. नाळ गळण्यातही पांढऱ्या पेशींचा हात असतो. त्या नाळेच्या मुळाशी येऊन तिथला ऊतक विरघळवतात. त्या आल्या नाहीत, तर नाळ लोंबत राहते आणि बेंबीत संसर्ग होतो.

मात्र नाळ उशिरा गळणे म्हणजे एलएडीच, असे नाही. मुदतीपूर्वी झालेला जन्म, सिझेरियन, नाळेवर वारंवार लावलेले जंतुनाशक यांमुळेही उशीर होतो. हा आजार दुर्मीळ आहे. म्हणून घाबरण्यापेक्षा तपासणी महत्त्वाची.

चाचणी कशी आणि कुठे होते?

पहिली पायरी साधी ‘सीबीसी’ची. ती तालुक्याच्या गावातही होते. संसर्ग ओसरल्यावरही पांढऱ्या पेशींचा आकडा चढाच राहिला, तर बालरोगतज्ज्ञ पुढची ‘फ्लो सायटोमेट्री’ सुचवू शकतात. त्यासाठी बाळाचे थोडे ताजे रक्त लागते. सीडी-१८ ला चिकटणारी, चमकणारा रंग जोडलेली मोनोक्लोनल अँटिबॉडी त्यात मिसळतात. मग एकेक पेशी लेझरसमोरून जाते. पेशी चमकली, तर सीडी-१८ आहे. चमकली नाही, तर निदानाची दिशा स्पष्ट होते.

महाराष्ट्रात या कामाचे महत्त्वाचे केंद्र मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे. आयसीएमआरची ‘राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था’ ही ती संस्था. तेथील संशोधकांनी एलएडी असलेल्या भारतीय मुलांचा अभ्यास २०१२ मध्ये ‘इंडियन पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात मांडला आहे.

नात्यातील लग्नांचा संबंध आहे का?

आहे. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले, तरच हा आजार होतो. एकच सदोष प्रत असलेले आई-वडील पूर्ण निरोगी असतात. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची प्रथा आहे. एकाच कुळातले सदोष जनुक दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता अशा लग्नांत वाढते. घरात पूर्वी एखादे बाळ ‘जंतू झाले आणि गेले’ असे असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगावे. कुटुंबातील जनुकदोष कळला, तर पुढच्या गर्भारपणात गर्भाची तपासणी शक्य असते.

उपचार काय?

तीव्र प्रकारात उपचारांविना अनेक मुले दुसरा वाढदिवसही पाहत नाहीत. प्रतिजैविके वेळ मिळवून देतात. आजार मुळातून बरा करू शकणारा प्रस्थापित उपचार म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. दाता जुळणे आणि बाळाची प्रकृती टिकून असणे, यावर बरेच काही ठरते. म्हणूनच निदान लवकर हवे.

पकड मुद्दाम सोडवली तर?

काही आजारांत पांढऱ्या पेशी नको तिथे घुसतात. तिथे हीच अँटिबॉडी औषध बनते. ‘नॅटालिझुमॅब’ हे मल्टिपल स्क्लेरोसिसवरचे औषध अमेरिकेत २००४ मध्ये आले. मेंदूच्या गंभीर विषाणुसंसर्गामुळे ते २००५ मध्ये मागे घ्यावे लागले आणि २००६ मध्ये कडक अटींवर परतले. सोरायसिसवरचे ‘इफालिझुमॅब’ एलएफए-१ लाच झाकत असे. तशाच संसर्गामुळे ते २००९ मध्ये बाजारातून गेले. पेशींची पकड सुटली, की संरक्षणही सुटते, हे या मुलांनी आधीच दाखवले होते.

घरच्यांनी काय करावे?

प्रसूती रुग्णालयात झाली असेल, तर आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. नाळेवर हळद, तेल, राख काहीही न लावता ती कोरडी आणि स्वच्छ ठेवावी. २१ व्या दिवशीही नाळ तशीच असेल, तर आशाला आवर्जून दाखवावी. २८ व्या दिवशीही गळली नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जावे. बेंबीभोवती लाली, ताप किंवा दूध न पिणे असे काही दिसले, तर कोणत्याही दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. नृसिंहवाडीहून परळ जवळपास ४०० किलोमीटर आहे. पण त्या वाटेवरचे पहिले पाऊल घरातल्या पाळण्यापाशीच पडते.