जीर्ण वायर आणि फ्यूजचे संरक्षण : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात एक विचार

विजेच्या मंडलात फ्यूज बसविला म्हणजे अपघाताचे भय उरले नाही, अशी समजूत सुशिक्षितांतही रूढ आहे. ती यथार्थ नाही. मंडलातील प्रवाह ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वितळणे, एवढेच फ्यूजचे कार्य होय. परंतु आवरण फाटलेली अथवा आतील तारा तुटलेली वायर मनुष्यास धक्का देते किंवा घरास आग लावते, तेव्हा पुष्कळदा ही मर्यादा ओलांडलीच जात नाही.

प्रथम धक्क्याचा विचार करू. घरगुती पुरवठ्याचा दाब 230 व्होल्ट असतो. त्वचा ओली असता मानवी देहाचा रोध सुमारे 1,000 ओहम धरल्यास देहातून 230 मिलिॲम्पिअर, म्हणजे पाव ॲम्पिअरहूनही कमी प्रवाह वाहील. दिव्यांच्या मंडलातील 5 ॲम्पिअरच्या फ्यूजवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. हृदयाचे स्पंदन बिघडविण्यास मात्र तो पुरेसा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डॅल्झील यांनी स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, सरासरीने सुमारे 16 मिलिॲम्पिअर प्रवाहास पुरुषाची व 10.5 मिलिॲम्पिअर प्रवाहास स्त्रीची मूठ तारेवरून सुटेनाशी होते.

आगीची प्रक्रिया याहून निराळी आहे. वायर वारंवार वाकविल्याने प्लगाजवळील बारीक तारा एकेक करून तुटतात व त्या ठिकाणचा रोध वाढतो. 2,000 वॅटची शेगडी सुमारे 8.7 ॲम्पिअर प्रवाह घेते. तुटक्या जागी केवळ अर्धा ओहम रोध निर्माण झाला, तरी तेथे सुमारे 37 वॅट उष्णता सतत उत्पन्न होते. सामान्य पीव्हीसी आवरण 70 अंश सेल्सिअसपर्यंतच्या वापरासाठी असते. काही मिलिमीटर जागेत साठलेली ही उष्णता त्यास मऊ करते, पुढे जाळते. यात विशेष असे की, रोध वाढल्याने मंडलातील एकूण प्रवाह किंचित घटतो. फ्यूज वितळण्याचे कारणच उरत नाही.

1 जुलै 1998 रोजी अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यात या प्रश्नास शेतीची बाजूही आहे. रब्बीतील हरभरा व गहू यांस विहिरीवरील पंपाने पाणी द्यावे लागते. पंपाची वायर बांधावरून, ओल्या काळ्या मातीतून जाते. उंदीर ती कुरतडतात, बैलगाडीचे चाक तिच्यावरून जाते, आणि जोडावर चिकटपट्टी गुंडाळून काम भागविले जाते. अशा वायरीतून पंपाच्या लोखंडी भागात वीज उतरली व आर्थिंगचा रोध 20 ओहम असला, तर जमिनीत फार तर 11.5 ॲम्पिअर प्रवाह जाईल. 15 ॲम्पिअरचा फ्यूज तेव्हा शाबूत राहतो व पंपाचा सांगाडा जवळजवळ पूर्ण दाबावर राहतो. उन्हाळ्यात काळी जमीन सुकून भेगाळली की आर्थिंगचा रोध आणखी वाढतो. फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार घातलेली असल्यास तर संरक्षण नावापुरतेही राहत नाही.

धक्क्यावर उपाय आहे. जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांतील फरक ओळखून पुरवठा तोडणारे, 30 मिलिॲम्पिअरला कार्य करणारे उपकरण, म्हणजे व्यवहारातील आरसीसीबी, मनुष्यास पुष्कळ अंशी वाचविते. पण तुटक्या तारेच्या जोडावर तापणारा प्रवाह कोठेही गळत नाही. दोन्ही प्रवाह समान राहतात. म्हणून हे उपकरणही त्या आगीची पूर्वसूचना देऊ शकत नाही. ती सूचना प्लग हातास गरम लागणे, आवरण काळवंडणे, जळका वास येणे, या चिन्हांनीच मिळते. ही चिन्हे दिसताच पुरवठा बंद करून वायर बदलणे, हाच निर्णायक उपाय ठरतो. चिकटपट्टीने फाटलेले आवरण झाकले जाते. आतील तुटलेली तार तशीच राहते.