पडद्यावरची सुगरण आणि आपली चूल

दुपारची भांडी आवरली की घटकाभर टीव्हीसमोर बसून पाककृती पाहणे आता गावोगावी चालते. १९९३ साली संजीव कपूर यांचा 'खाना खजाना' हिंदीतून सुरू झाला. २००७ साली आलेल्या 'आम्ही सारे खवय्ये'ने मराठी घरांत जागा मिळवली. असे कार्यक्रम पाहणाऱ्या बायकांना विचारा, तीन तऱ्हेची मते ऐकू येतील.

पहिले मत, "शिकायला मिळते." पालक उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात टाकला की हिरवागार राहतो, हे अनेकींना टीव्हीनेच शिकवले.

दुसरे मत, "आपल्याला ते जमायचे नाही." तिथे सगळे आधीच चिरून वाट्यांत मांडलेले, माप चार माणसांचे. इकडे सुगीत पंधरा पाने वाढायची! क्रीम आणि ओव्हन आणायचे कुठून?

तक्रार खरी आहे. पण पदार्थ जमला नाही तरी त्यातली रीत उचलता येते. क्रीमऐवजी घरची साय घोटून घाला. जाड बुडाच्या पातेल्यात मीठ पसरून, वर झाकण ठेवून मंद आचेवर केक भाजता येतो. माणसे चौपट असली म्हणून मीठ-तिखट एकदम चौपट टाकू नका. आधी कमी घाला, चाखून वाढवा.

तिसरे मत घरातल्या म्हाताऱ्या आजीचे. "आमचं कुणी दाखवतं का?" असे ती पुटपुटते. तिचे बोलणे हसण्यावारी नेऊ नका. टीव्हीवरचे ते भारी आणि घरचे ते हलके, असे पोरांना वाटू लागले आहे. ज्वारीच्या कण्या, हुलग्याचे शेंगोळे, अंबाडीची भाजी पानात आली की नाके मुरडतात. इकडे संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले, ज्वारी-बाजरीचे कौतुक जगभर झाले!

आजीचे माप मुठीचे आणि चिमटीचे. ते कुठेच लिहिलेले नाही. म्हणून उद्या टीव्हीसमोर बसताना वही घ्या. एका पानावर पडद्यावरची कृती उतरवा, समोरच्या पानावर आजीची. तिची मूठ म्हणजे किती वाटी, तेवढे तिच्यासमोरच मोजून घ्या. आणि रविवारी त्या वहीतले शेंगोळे लेकीला करायला लावा. हो, लेकालाही!