आधी मोजणी, मग तुकडेजोड

शहादा तालुक्यात तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी सातबाऱ्याचा उतारा असेल. त्यावरचा 'गट क्रमांक' कोठून आला, ठाऊक आहे का? १९४७ साली जमिनींचे तुकडे रोखण्याचा व ते एकत्र करण्याचा कायदा झाला. पुढे गावोगाव एकत्रीकरण झाले आणि जुन्या सर्व्हे क्रमांकांच्या जागी गट क्रमांक आले.

संगणकाच्या हार्ड डिस्कवरही अशीच तुकडेजोड चालते. डिस्कवरील जागा बहुधा ४,०९६ बाइटांच्या खणांत वाटलेली असते. फाइल वाढत गेली आणि शेजारचा खण रिकामा नसला, की तिचा पुढचा तुकडा दूर कोठेतरी जातो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा. हवा तो खण शीर्षाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद जातात. शीर्ष सरकण्यास आणखी ९ धरा. तुकड्यामागे १३ मिलिसेकंद! हजार तुकड्यांच्या फाइलीत १३ सेकंद नुसत्या धावपळीत गेले. हे तुकडे जवळ आणणारी आज्ञावली म्हणजे डीफ्रॅग.

दुसरी आज्ञावली चेकडिस्क. ही मोजणीदार. एकच खण दोन फाइलींच्या नावावर तर नाही ना, रिकामा खण भरलेला तर दाखविला नाही ना, हे ती नोंदवहीशी ताडून पाहते. वळवाच्या पावसात वीज गेली, की नोंदी अर्धवट राहू शकतात. एनटीएफएस पद्धतीत रोजनामचा असतो. त्यावरून बहुतेक वेळा नोंदी सावरतात. तरीही विसंगती आढळली, तर विंडोज त्या विभागावर संशयाची खूण करते.

आता भांडण पाहा. पेजफाइल आणि रजिस्ट्री विंडोज चालू असताना सतत वापरात असतात, म्हणून हलविता येत नाहीत. त्यामुळे काही डीफ्रॅग आज्ञावली संगणक सुरू होतानाच, विंडोज पुरते जागे होण्याआधी काम करतात. विंडोज ज्या विभागात आहे त्याच्या दुरुस्तीलाही नेमकी तीच वेळ लागते. दोघींची नावे रजिस्ट्रीतील 'बूटएक्झिक्यूट' या एकाच यादीत लागतात. विभागावर संशयाची खूण असली, की विंडोजची डीफ्रॅग तपासणी होईपर्यंत अडून बसते. आणि हे योग्यच आहे. चुकीच्या उताऱ्यावर बांध हलविला, तर शेजाऱ्याचे शेत नांगरले जायचे! पण पडद्यावर तपासणी सुरू झाली, की कोणीतरी घाईने कळ दाबून ती टाळतो. खूण तशीच राहते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अशा वेळी प्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढा. शाळेच्या संगणकात गुणपत्रके असतात, हे शिक्षकांना सांगायला नकोच. मग सुरुवातीची डीफ्रॅग बंद करून तपासणी एकदा शेवटपर्यंत होऊ द्या. तास लागले तरी मध्येच संगणक बंद करू नका. तपासणी पूर्ण होऊनही खूण पुन्हा उमटत असेल, तर केबल किंवा डिस्कच बिघडत असण्याचा संभव आहे. तेव्हा डीफ्रॅग मुळीच नको. हजारो खण वाचून पुन्हा लिहिण्याचा ताण आजारी डिस्कला सोसेलच असे नाही.

सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये फिरती तबकडी नाही, सरकते शीर्षही नाही. तेथे आपला १३ मिलिसेकंदांचा हिशेब लागू पडत नाही. मोजणी मात्र तेथेही लागते, कारण नोंदवही तीच आहे.