आधी झोप, मग आठवण

मोठा आघात सोसून आलेल्या माणसाला चांगला थेरपिस्ट पहिल्याच भेटीत ‘काय झाले ते सांग’ असे सहसा म्हणत नाही. झोप लागते का, जेवण जाते का, रात्री घरात सोबत कोण असते, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, अशी विचारपूस आधी होते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थ्यांच्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितले, तेव्हापासून चर्चा नेमणुकांभोवतीच फिरते आहे. नेमलेल्या समुपदेशकाने दार लावून घेतल्यावर नेमके काय करायचे, हे कोणी फारसे विचारत नाही.

या कामाचा क्रम सर्वांत स्पष्ट मांडला तो अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी, १९९२ च्या ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ या पुस्तकात. आधी सुरक्षितता, मग आठवणी आणि शोक, शेवटी माणसांत परतणे. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे आघातोत्तर तणावाला १९८० मध्ये अमेरिकी निदानसूचीत जागा मिळाली होती. घरातच अत्याचार सोसलेल्या स्त्रियांची लक्षणेही त्याच जातीची आहेत, हे हर्मन यांनी ठासून सांगितले. आघात माणसाच्या हातून त्याच्या आयुष्याचा ताबा काढून घेतो. म्हणून किती सांगायचे आणि केव्हा, हे उपचारात त्यानेच ठरवायचे, हा त्यांचा आग्रह. तीस वर्षांत तंत्रे पुष्कळ आली, पण एवढी कामाची गोष्ट क्वचितच कोणी सांगितली.

आपल्याकडचे नातेवाईक दोनच औषधे देतात: ‘एकदा रडून मोकळा हो’ किंवा ‘झाले गेले गंगेला मिळाले’. पहिल्याची तर रीतसर परीक्षा झाली आहे. दुर्घटनेनंतर काही दिवसांतच एका बैठकीत सगळे बोलून घेण्याची पद्धत गेल्या शतकाच्या शेवटी फार बोकाळली होती. भाजलेल्या रुग्णांवरच्या १९९७ च्या ब्रिटिश अभ्यासात, अशी बैठक झालेल्यांमध्येच वर्षभरानंतर आघाताची लक्षणे जास्त आढळली. पुढच्या आढाव्यांतही तिचा फायदा दिसला नाही. एखाद्या कॉलेजात काही विपरीत घडले की दुसऱ्याच दिवशी अख्ख्या वर्गाला गोलात बसवून बोलते करण्याचा उत्साह म्हणूनच आवरलेला बरा.

किशोरवयीनांसाठी सर्वांत तपासलेली पद्धत आहे आघातकेंद्रित सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तनावर काम करणारा उपचार. साधारण १२ ते १६ भेटी, मुलाबरोबर पालकांच्याही. समजा, मोटरसायकलच्या अपघातात वडील गेले आणि मागे बसलेला सोळा वर्षांचा मुलगा वाचला. हॉर्न वाजला की त्याची छाती धडधडते, क्लासला जाणे सुटले आहे. सुरुवातीच्या भेटी जातात शरीर शांत करायला शिकण्यात: समोरच्या पाच वस्तू, हाताला लागणाऱ्या चार, कानावर येणारे तीन आवाज मोजायचे, श्वास सावकाश सोडायचा. मग प्रकरण-प्रकरण करून कहाणी. तो सांगतो, थेरपिस्ट लिहून घेतो, वाचून दाखवतो आणि दर वेळी विचारतो, दहापैकी भीती किती? बहुधा मध्येच कुठेतरी एक वाक्य निघते: ‘मी आवरायला उशीर केला, म्हणून बाबा जोरात चालवत होते.’ खरे काम या वाक्यावर आहे. ‘तुझी चूक नव्हती’ म्हणून ते जात नाही. उशीर किती होता, वेग कोणाच्या हातात होता, समोरचा ट्रक कसा आला, हे त्यानेच पुन्हा पाहावे लागते. शेवटी, दोघांची तयारी झाली की, तो ती कहाणी आईला वाचून दाखवतो.

ईएमडीआर या दुसऱ्या उपचारपद्धतीत आठवण मनात धरून नजर डावी-उजवीकडे फिरवायची असते. फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ मध्ये ती सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये शिफारसही केली. गुण येतो तो डोळे फिरवल्याने की आठवणीला सामोरे गेल्याने, हा वाद मात्र मिटलेला नाही. जाहिरातीतल्या चमत्काराच्या भाषेवर विश्वास ठेवायचे कारण नाही.

प्रौढांमध्ये जुना आघात पुष्कळदा वळणावर डोके वर काढतो: लग्न, बाळंतपण, नोकरी जाणे, निवृत्ती. अर्थात प्रत्येक वळण म्हणजे आजार नव्हे. आयसीडी-११ या आंतरराष्ट्रीय आजारसूचीनुसार समायोजनाचा विकार, म्हणजे बदलाशी जुळवून घेताना होणारा त्रास, घटनेपासून साधारण महिनाभरात सुरू होतो आणि ताण टिकून राहिला नाही तर सहा महिन्यांत ओसरतो. अनेकांना चार-सहा भेटी पुरतात.

शाळेतल्या समुपदेशकापुढे खरी अडचण येते ती गुप्ततेची. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा तिचा हक्क देतो, पण अठरा वर्षांखालील मुलाने लैंगिक अत्याचार सांगितला तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ नुसार कळवणे बंधनकारक आहे. जिवाला धोका असेल तेव्हाही गप्प राहता येत नाही. या मर्यादा पहिल्याच भेटीत सांगायच्या असतात. बाकीचे मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाता कामा नये. पगार संस्थेकडूनच घेणाऱ्या, कंत्राटावरच्या समुपदेशकाला हे कितपत जमेल, याबद्दल शंकाच आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. इतर समुपदेशकांना २०२१ च्या कायद्याने नियमनाच्या कक्षेत आणले. तेव्हा शिक्षण आणि नोंदणी बेधडक विचारावी.

उपचार एकदम थांबवत नाहीत. भेटी आठवड्यावरून पंधरवड्यावर, मग महिन्यावर जातात. वर्षश्राद्ध, निकालाचा दिवस, त्याच रस्त्यावरून पहिला प्रवास, अशा तारखा आधीच मांडून त्या दिवशी सोबत कोण असेल ते ठरवले जाते. लक्षणे परतली तर पुन्हा दोन-तीन भेटी घेतल्या जातात.