पाहुणा नसताना वाजलेली बेल

‘एकादशीला उपवास असतो. त्या दिवशी शुगरची गोळी घेऊ की नको?’ एका वाचक आजींचा प्रश्न आहे. गोळी कोणती, त्यावर उत्तर ठरतं. आणि गोळी साखर कशी उतरवते, हे कोडं पहिल्यांदा सुटलं ते अर्धपोटी माणसांमुळेच.

१९४२ साल, युद्धाचे दिवस. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात डॉ. मार्सेल जाँबाँ टायफॉइडच्या अर्धपोटी रुग्णांना ‘२२५४ आरपी’ हे नवं सल्फा औषध देत होते. काहींना झटके आले, काही दगावले. रक्तातली साखर पार उतरली होती. जाँबाँ यांनी हे संशोधक ऑग्युस्त लुबातिएर यांच्या कानावर घातलं. लुबातिएर यांनी तेच औषध कुत्र्यांना दिलं, साखर उतरली. मग स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांना दिलं. काहीही झालं नाही! म्हणजे औषध स्वादुपिंडालाच इन्शुलिन सोडायला लावतं. किती साधा आणि किती नेमका प्रयोग! इन्शुलिन म्हटलं की त्याचा शोध लावणारे बँटिंग आठवतात; लुबातिएर यांचं नाव कुणी घेत नाही, याची मला खरंच खंत वाटते.

आज घरोघरी असलेली ग्लिमेपिराइड याच कुळातली. जेवणातली साखर हा पाहुणा समजा. तो आला की बेल वाजते आणि इन्शुलिन दार उघडायला बाहेर येतं. ग्लिमेपिराइड पाहुणा नसतानाही बेल दाबते. उपाशीपोटी धोका आहे तो इथे.

मेटफॉर्मिन बेलला हात लावत नाही. ती यकृताला साखर कमी बनवायला लावते, म्हणून एकटी असेल तर साखर सहसा फार उतरत नाही. पण पुष्कळदा एकाच गोळीत दोन्ही असतात. तेव्हा पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी गोळी असेल, तर निर्जळी उपवास नकोच.

हात थरथरले, दरदरून घाम आला, बोलणं असंबद्ध झालं, तर साखर उतरली असं समजून तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या आणि १५ मिनिटांनी साखर तपासा. ती ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेच करा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. ग्लिमेपिराइडचा असर बराच वेळ टिकतो. सावरल्यावर काही तासांनी साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून डॉक्टरांना कळवाच.

आजी, गोळी स्वतःहून बंद करू नका. एकादशीच्या आधी पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि उपवास आहे हे त्यांना आधी सांगा.