पादऱ्याचा पडदा आणि पाऱ्याचा दिवा

पादरा म्हटले की बडोदेकरांना आठवतो तो तिकडचा भाजीपाला. पण गायकवाडी अमलात पादरा हा बडोदे प्रांतातला एक महाल होता. तेथे वहिवाटदाराची कचेरी होती आणि त्या कचेरीच्या आधाराने कारकून, मास्तर, वकील अशी मराठी माणसे तेथे जाऊन राहिली. संस्थान १९४९ साली विलीन झाले, कचेरीवरची पाटी बदलली, पण काही घरे तेथेच राहिली. आमचे घर त्यांतलेच एक. ही घरे वर्षातून चार-सहा वेळा एकत्र येतात. गणपतीत, कोजागरीला, एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या पंचाहत्तरीला. पूर्वी अशा वेळी पेटी-तबला निघे. अलीकडे त्याच्या जोडीला एक पांढरी चौकोनी पेटी निघते, तिचे नाव प्रोजेक्टर. या पेटीची देखभाल गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. तिच्याविषयी चार गोष्टी लिहाव्यात असे बरेच दिवस मनात होते, कारण आता अशी पेटी बडोद्यातल्या पुष्कळ मंडळांतून आणि शाळांतून आली आहे, आणि तिच्या पोटातला दिवा म्हणजे काय चीज आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आम्ही या पडद्यावर काय पाहतो? जुने फोटो, एखादा जुना मराठी बोलपट, आणि मुलांसाठी मोठ्या अक्षरांत आरत्या व गाणी. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आमची मुले गुजराती शाळेत जातात. शिरोरेखेवाचून अक्षरे वाचण्याची त्यांच्या डोळ्यांना सवय. घरात मराठी बोलतात, पण मराठी वाचायला बसले की अडखळतात. पडद्यावर वीतभर उंचीची अक्षरे स्पष्ट उमटली तर सगळी पोरे एका सुरात वाचू लागतात. दिवा म्हातारा झाला, पडदा पिवळट पडला, की आधी जोडाक्षरे जातात, मग काने-मात्रे. मोतीबिंदू झालेले आजोबा आणि नुकते अक्षर ओळखू लागलेला नातू, दोघेही एकाच वेळी गप्प होतात. आम्हाला दिव्याची काळजी वाटते ती यासाठी.

पडद्यावर चित्र पाडून लोकांना शहाणे करण्याची ही कल्पना बडोद्याला नवी नाही, हे जुन्या घरांना सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून ग्रंथालयांचे खाते उभे केले. त्या खात्यात पुस्तकांच्या फिरत्या पेट्यांबरोबर दृश्यशिक्षणाची एक शाखाही होती. ज्यांना वाचता येत नाही त्यांना चित्रांतून शिकवावे, या हेतूने मॅजिक लँटर्न, काचेच्या स्लाइडी आणि पुढे सिनेमाची यंत्रे खेड्यांतून नेऊन फुकट खेळ दाखवीत. त्याच्याही आधी, १८९२ साली, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' या नावाने हाताने रंगविलेल्या स्लाइडींचे खेळ सुरू केले होते. आणि दादासाहेब फाळके फोटोग्राफी शिकले ते आपल्या कलाभवनात. असो. या गोष्टींचा अभिमान बाळगणे सोपे आहे. मला त्यांतली वेगळीच बाजू मोह घालते. ही माणसे उजेड कशाचा करीत?

तेल जाळून होणारा उजेड अपुरा पडे. मोठ्या खेळांना चुन्याच्या कांडीवर ऑक्सिजन-हायड्रोजनची ज्योत सोडून ती कांडी तापवीत. पुढे कार्बनच्या दोन कांड्यांमधली विजेची कमान आली. या सर्व खटपटीचे मर्म एकच. भिंगाला मोठी ज्योत चालत नाही, लहान आणि प्रखर ज्योत लागते. प्रकाशाचा उगम जितका बिंदूसारखा, तितका तो भिंगातून नीट पलीकडे जातो. आमच्या पेटीतला दिवा त्याच घराण्यातला आहे.

हा दिवा घरच्या बल्बासारखा तारेचा नव्हे. क्वार्ट्झचा एक लहानसा जाड फुगा, त्यात टंगस्टनची दोन टोके समोरासमोर, मध्ये अंतर सुमारे एक मिलिमीटर. फुग्यात पाऱ्याचा एक कण, थोडा आर्गॉन वायू आणि ब्रोमीनचा किंचित अंश. सुरू करताना हजारो व्होल्टचा एक झटका बसतो, ठिणगी पडते, पारा तापून त्याची वाफ होते आणि त्या वाफेतून प्रकाशाची कमान पेटते. पूर्ण तेजाने जळताना आतला दाब सुमारे २०० वातावरणांइतका चढतो. आपला कुकर शिट्टी देतो तेव्हा आत साधारण २ वातावरणे असतात. समुद्रात दोन किलोमीटर खोल गेले तर २०० मिळतील. फुग्याची भिंत तापते ती १,००० अंश सेल्सियसच्या आसपास. फिलिप्स कंपनीने १९९५ च्या सुमारास असा दिवा प्रोजेक्टरांसाठी पुढे आणला. तोवर जे चित्र अंधारकोठडीतच दिसे ते साध्या खोलीत दिसू लागले.

म्हणजे शंभर माणसांच्या मध्ये आपण टेबलावर ठेवतो ती एक चिमुकली भट्टी असते. ती थंड ठेवण्याचे काम एक पंखा करतो. पंख्याला हवा पाहिजे, आणि हवा येते एका जाळीतून. देखभालीचा निम्माअधिक भाग म्हणजे ही जाळी. आमच्याकडे उन्हाळ्यात धूळ किती उडते हे सांगायला नको. त्यात गणपतीतला धूप, उदबत्ती आणि कापूर. हा धूर जाळीवर चिकट थर बसवतो आणि भिंगावर धुके आणतो. देवाला धूप नको असे मी म्हणणार नाही. पेटी देवापासून लांब, आरतीच्या वाऱ्याबाहेर ठेवावी, एवढेच. प्रत्येक मोठ्या कार्यक्रमापूर्वी मी जाळी काढून मऊ ब्रशाने झटकतो. यंत्राच्या पुस्तिकेत पाण्याने धुण्याची मुभा असेल तरच धुवावी, आणि खडखडीत वाळल्याशिवाय बसवू नये. भिंग पुसायला चष्म्याचे मऊ फडके वापरावे. धोतराचा सोगा किंवा पदराचे टोक नको, त्यांतल्या धुळीचे ओरखडे कायमचे राहतात. पेटीच्या मागेपुढे हातभर जागा मोकळी ठेवावी. आमच्यापैकी एका काकूंना तिच्यावर भरतकामाचा रुमाल घालण्याची हौस आहे. पेटी बंद असताना तो जरूर घालावा.

दुसरा शत्रू म्हणजे उत्साही पुतण्या. कार्यक्रम संपला रे संपला की तो भिंतीवरचे बटन बंद करतो. पेटीच्या स्वतःच्या बटनाने दिवा विझवला तर पंखा आणखी एक-दोन मिनिटे फिरत राहतो आणि फुगा सावकाश निवतो. भिंतीवरून वीज तोडली की पंखा त्याच क्षणी थांबतो आणि सगळी उष्णता आत कोंडते. अचानक वीज गेली तरी हेच होते. म्हणून छोटा यूपीएस जोडलेला बरा. वीज परत आल्यावर दिवा लगेच पेटला नाही तर घाबरू नये. तापलेल्या फुग्यात दाब इतका असतो की ठिणगीच पडत नाही. थोडे निवू द्यावे. चहासाठी दहा मिनिटे थांबायचे असेल तर दिवा विझवण्यापेक्षा पडदा काळा करणारे बटन दाबावे. प्रत्येक पेटवणीत टंगस्टनची टोके झिजतात. ब्रोमीन उडालेले टंगस्टन टोकांवर परत आणून बसवते, पण पुरती उष्णता मिळाल्यावरच. दोन मिनिटे लाव, दोन मिनिटे बंद, यात ते काम अर्धवट राहते आणि फुगा आतून काळवंडतो.

आता दिवा बदलण्याविषयी. वर्तमानपत्रात कृती देण्याची वहिवाट पाककृतींपुरती असते, पण ही कृती चुकली तर नुसती आमटी बिघडत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

दिव्याचे आयुष्य तासांत मोजतात. यंत्रागणिक दोन हजारांपासून पाच-सहा हजारांपर्यंत. आयुष्य संपले म्हणजे दिवा विझलाच असे नव्हे. त्याचे तेज निम्म्यावर आले, असा त्याचा सामान्यतः अर्थ. पेटी स्वतःच तास मोजते आणि मुदत भरली की सूचना देते. काही जण दिवा न बदलता नुसता आकडा शून्यावर आणून ही सूचना गप्प करतात. वय लपवण्याचा हा प्रकार धोक्याचा आहे, कारण क्वार्ट्झ जुने झाले की ठिसूळ होते आणि दाब मात्र तेवढाच राहतो.

प्रथम वायर भिंतीतून काढावी आणि तासभर स्वस्थ बसावे. मी तासभर म्हणतो म्हणजे तासभरच. आमचा पुतण्या दर वेळी विचारतो, "काका, आता हात लावला तर काही होत नाही ना?" आणि मी दर वेळी घड्याळ दाखवतो. नंतर झाकणाचा स्क्रू सोडवावा, आतले दोन-तीन स्क्रू ढिले करावेत. बहुधा ते निघून पडत नाहीत, जागेवरच सैल होतात. दिवा आपल्या प्लास्टिकच्या चौकटीसह कडीला धरून सरळ बाहेर ओढायचा. हिसका नाही, वाकडे ओढणे नाही. नवा दिवा हातात घेताना चौकटच धरावी, काचेला बोट लागू देऊ नये. हे सोवळे कशासाठी, असे वहिनी विचारतात. बोटांवर घामाचे मीठ आणि तेल असते. क्वार्ट्झ हजार अंशांवर गेले की त्या डागाजवळ त्याचे स्फटिक होऊ लागतात, पांढरा ठिपका पडतो, तेथे उष्णता साठते आणि फुगा तेथूनच दगा देतो. चुकून स्पर्श झालाच तर मऊ कापडाने स्पिरिट लावून पुसावे. चौकट तळाशी नीट बसली, स्क्रू आवळले, झाकण घट्ट लागले, की मगच वीज. झाकण नीट बसले नाही तर आतली एक कळ दिवा पेटूच देत नाही. पुष्कळदा 'नवा दिवा खराब निघाला' म्हणून जी ओरड होते तिचे कारण हेच असते. तासांचा आकडा शून्यावर आणायचा तो आता.

पेटी छताला टांगलेली असेल तर शिडी धरायला माणूस हवा, डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे हवेत, आणि झाकण उघडताना बरोबर खाली उभे न राहता बाजूला उभे राहावे. आत काच फुटली असेल तर ती तोंडावर येते. फुटलेला दिवा घरी काढूच नये, जाणत्या कारागिराला बोलवावे. थिएटरांतल्या मोठ्या यंत्रांकडे तर कोणी हौशी माणसाने वळू नये. तेथे झेनॉनचे दिवे असतात. आपल्या दिव्याचा दाब निवल्यावर उतरतो, झेनॉनचा दिवा थंड असतानाही दाबाने भरलेला असतो.

काही वर्षांपूर्वी मी एका घरी साखरपुड्याला गेलो होतो. भाड्याने आणलेला प्रोजेक्टर, बंद खिडक्या, वातानुकूलित दिवाणखाना. मुलामुलीचे लहानपणीचे फोटो चालू असताना फटाक्यासारखा आवाज झाला आणि पडदा काळा पडला. लोक हसले. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. यजमानीणबाई केरसुणी आणायला निघाल्या, आणि जावईबापू म्हणाले, "थांबा आई, व्हॅक्यूम क्लीनर लावतो." त्या खोलीत पाच-सहा लहान मुले होती आणि घरची थोरली लेक सातव्या महिन्यात होती. मी उभा राहून सर्वांना अंगणात चला म्हटले. "अहो भाऊसाहेब, दिवा फुटला एवढेच ना?" असे एका गृहस्थांनी विचारले. एवढेच नव्हते. फुग्यातला पारा तप्त वाफेच्या रूपात बाहेर पडतो. ती वाफ डोळ्यांना दिसत नाही, तिला वास नसतो. पारा थोड्या मिलिग्रॅमांतच असतो, जुन्या तापमापकातल्या पाऱ्याचा बारीकसा अंश, त्यामुळे घाबरगुंडी उडण्याचे कारण नाही. पण पोटातल्या आणि मांडीवरच्या जिवांना तेवढाही कशाला?

त्या दिवशी आम्ही वायर काढली, वातानुकूलन बंद केले, खिडक्या सताड उघडल्या आणि अर्धा-पाऊण तास खोलीत कोणाला जाऊ दिले नाही. जेवणे अंगणात झाली. नंतर मोजे घालून मोठ्या काचा पुठ्ठ्याने उचलल्या, बारीक चुरा चिकटपट्टीने आणि ओल्या कागदाने टिपला, आणि सगळे, मोज्यांसकट, झाकणाच्या बरणीत बंद केले. केरसुणी आणि व्हॅक्यूम क्लीनर वापरायचे नाहीत. दोन्ही पारा घरभर पसरवतात. दुकानदाराने पेटी नेताना दिवा किती तास चालला होता हे मी विचारले. आकडा नुकताच शून्यावर आणलेला होता.

बाजारात दिवे दोन जातींचे मिळतात. चौकटीसह मूळ बनावटीचे, आणि नुसता फुगा किंवा नकली चौकटीत बसवलेला स्वस्त दिवा. नुसता फुगा घरी बदलू नये. कमान आणि आरसा यांचा मेळ केसभर चुकला तर उजेड घटतो आणि उष्णता भलत्या ठिकाणी जाते. नकली दिवा काही दिवस बरा चालतो, हेच त्याचे वाईट.

आणि उतरवलेला दिवा कचऱ्यात टाकायचा नाही. पाऱ्याविषयी मिनामाता करार २०१३ साली झाला, भारताने त्याला २०१८ साली मान्यता दिली. आपल्याकडे २०१६ च्या नियमांपासून पाऱ्याचे दिवे ई-कचऱ्यात धरले जातात. आमचे तीन जुने दिवे नव्याच्या खोक्यांत घालून, वर लाल शाईने 'पारा' लिहून, माळ्यावर ठेवले होते. बडोद्याला कोणी मोटार घेऊन जाणार असले की ती खोकी ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात पोचवतो.

आता लेझरच्या पेट्या आल्या आहेत. त्यांत पारा नाही, बदलायचा दिवा नाही, आयुष्य वीस हजार तासांचे सांगतात. धूळ मात्र त्यांनाही तितकीच बाधते. गणपतीच्या हिशोबाच्या बैठकीत यंदा तो प्रश्न निघाला. नवी पेटी घ्यावी असे तरुणांचे म्हणणे, जुन्यात आणखी एक दिवा घालावा असे खजिनदारांचे. आमच्या वहीत आकडा २,८४० तासांवर आहे. कोजागरीला पुन्हा बसायचे ठरले आहे, तोवर जाळी झटकून ठेवली आहे.